एक शनिवार दुपार द्या: इंग्लंडमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
लंडन आणि परिसरातल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी, सभासद, आणि शनिवारी दुपारी घरात बसून मोबाइलवर स्कोअर बघणारे समस्त फुटबॉलप्रेमी

सप्रेम नमस्कार.

विनंती एकच आहे. ती आधी सांगतो, कारणं मग. मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत संक्रांतीचं हळदीकुंकू असतं, पाडवा असतो, गणपती, कोजागरी, दिवाळी पहाट असते, मधूनच भारतातून एखादं नाटक येतं. त्यात एक शनिवार दुपार वाढवा. ऑगस्ट ते एप्रिलमधली कुठलीही चालेल. त्या दिवशी हॉलला कुलूप लावा आणि पोराबाळांसकट सगळ्यांना जवळच्या नॉन-लीग फुटबॉल क्लबच्या मैदानावर घेऊन जा. आर्सेनल-चेल्सीचं म्हणत नाही मी. घरापासून बसने जाता येईल असा, ज्याचं नाव तुम्ही आजवर फक्त रस्त्यावरच्या पाटीवर वाचलंय, तो क्लब.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडच्या फुटबॉलचे वरचे चार स्तर मिळून ९२ क्लब होतात. त्यांच्याखाली जे काही आहे त्या सगळ्याला नॉन-लीग म्हणतात. पाचव्या स्तरावर नॅशनल लीग, सहाव्यावर तिचे उत्तर आणि दक्षिण विभाग, सातव्यावर इस्थमियन, सदर्न, नॉर्दर्न प्रीमियर अशा प्रादेशिक लीग, आणि तिथून खाली उतरत उतरत थेट पंचक्रोशीतल्या उद्यानांपर्यंत. सातव्या स्तरावरचा खेळाडू आठवडाभर दुसरी नोकरी करतो, मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सराव करतो आणि शनिवारी तीन वाजता मैदानात उतरतो.

तीनच का, तर शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉल थेट दाखवायला टीव्हीवर बंदी आहे. लोकांनी सोफ्यावर न बसता मैदानावर जावं म्हणून गेली कित्येक दशकं हा नियम पाळला जातो. भारतातल्या तुमच्या भावाला शनिवारी दुपारचा जो सामना घरी बसून दिसतो तो तुम्हाला लंडनमध्ये दिसत नाही, म्हणून तुम्ही चरफडता. त्या नियमामागे हेच छोटे क्लब आहेत. थोडक्यात, फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी तुमची दुपार आधीच मोकळी करून ठेवलेली आहे.

मी दक्षिण लंडनमध्ये राहतो, त्यामुळे माझ्या क्लबची कहाणी सांगतो. डलिच हॅम्लेट. स्थापना १८९३. डलिच हॅम्लेट शाळेच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी लॉरेन विल्सन नावाच्या गृहस्थांना गाठलं, आम्हाला क्लब काढून द्या म्हणाले, आणि त्यांनी काढून दिला. विल्सन पुढे सगळ्यांचे ‘पा’ झाले. पोरं गोळा करणं, खेळवणं, शिस्त लावणं, कुणाच्या घरी जाऊन समजूत काढणं, यात त्यांचं आयुष्य गेलं. आपल्याकडे तालमीत असा एखादा वस्ताद असतो, ज्याच्याशिवाय तालमीचा विचारच करता येत नाही. क्लबचा पोशाख गुलाबी आणि गडद निळा. फुटबॉलच्या मैदानावर गुलाबी रंग शंभराहून जास्त वर्षं बिनदिक्कत मिरवणं यातच त्यांचा थोडा स्वभाव दिसतो.

१९०७ मध्ये क्लब इस्थमियन लीगमध्ये दाखल झाला. ही हौशी क्लबांची लीग. तिचं ब्रीदवाक्य लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ ‘मान पुरेसा आहे’. मान पुरेसा म्हणजे शब्दशः पुरेसा: सुरुवातीच्या काळात विजेत्यांना ना चषक मिळायचा ना पदक. आज हे वाचताना हसू येतं, पण ते लोक गंभीर होते.

आता ज्या माणसासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याच्याकडे येतो. हुसेन हेगाझी. कैरोचा तरुण, १९११ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकायला आला. तुमच्यापैकी निम्मे ज्या कारणासाठी या देशात उतरले, त्याच कारणासाठी. आल्या आल्या तो डलिचकडून खेळायला लागला आणि असा खेळला की काही आठवड्यांत फुलहॅमच्या नजरेत भरला. फुलहॅम तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमधला व्यावसायिक क्लब. नोव्हेंबर १९११ मध्ये स्टॉकपोर्ट काउंटीविरुद्ध हेगाझी फुलहॅमकडून उतरला, गोल मारला, फुलहॅम जिंकला. फुलहॅमला तो पुढच्या सामन्यालाही हवा होता. इकडे पा विल्सन त्याला भेटायला त्याच्या घरी गेले. डलिचने मला इतकं चांगलं वागवलंय की त्यांना दुखवायची इच्छा नाही, अशा अर्थाचं काहीतरी हेगाझीने नंतर सांगितलं, आणि तो डलिचमध्येच राहिला. फुलहॅमसाठी त्याच्या नावावर लीगचा एक सामना आणि एक गोल आहे, बस्स.

हा तोच माणूस, जो पुढे केंब्रिजला गेला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये इजिप्तच्या संघाचा कर्णधार झाला. ऑलिंपिकमध्ये फुटबॉल खेळणारा आफ्रिकेतला तो पहिला देश. १९११ हे साल आपल्या ओळखीचं आहेच, कारण त्याच जुलैत कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. साम्राज्याच्या एका टोकाला गोऱ्यांना फुटबॉलमध्ये हरवण्याचा जल्लोष चालला होता आणि त्याच वर्षी साम्राज्याच्या राजधानीत एक परदेशी विद्यार्थी, मोठा क्लब हात पसरून उभा असताना, मोहल्ल्यातल्या क्लबशी इमान राखून राहत होता. दोन्ही गोष्टी मला सारख्याच अभिमानाच्या वाटतात. पहिली आपण शाळेतल्या पोरांना सांगतो. दुसरी इथे वाढणाऱ्या पोरांना सांगायला हवी.

पहिल्या महायुद्धानंतरची वीस वर्षं म्हणजे डलिचचा सुवर्णकाळ. १९१९-२० च्या मोसमात इस्थमियन लीग आणि एफए (फुटबॉल असोसिएशन) अमॅच्युअर कप हा हौशी संघांचा चषक, दोन्ही जिंकले. अमॅच्युअर कप पुढे १९३२, १९३४ आणि १९३७ मध्येही आला. १९३२ ची फायनल तर अप्टन पार्कवर मरीन क्लबविरुद्ध ७-१ अशी एकतर्फी जिंकली. (लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच. न. चिं. केळकरांनी मंडळाचा नारळ फोडला त्या वर्षी लंडनच्या पूर्वेला सात गोलांचा पाऊस पडत होता, हे कुणीतरी कुठेतरी नोंदवून ठेवावं म्हणून इथे लिहितो.)

या काळाचा नायक एडगर केल. जन्म १९००. क्लबसाठी चारशेहून जास्त गोल. मद्य विकणाऱ्या कंपनीत विक्रेत्याची नोकरी करायचा आणि शनिवारी डलिचकडून खेळायचा. व्यावसायिक क्लबांनी गळ घातली, पण तो बधला नाही. मे १९२९ मध्ये इंग्लंडच्या मुख्य संघात त्याची निवड झाली. पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्ध ४-१ च्या विजयात दोन गोल, मग बेल्जियम, मग माद्रिदमध्ये स्पेन. स्पेनचा सामना इंग्लंड ४-३ ने हरलं आणि युरोप खंडातल्या संघाकडून इंग्लंडचा झालेला तो पहिला पराभव ठरला. तीन सामने, मग केल परत आपल्या नोकरीवर आणि डलिचच्या मैदानावर. १९७६ मध्ये तो गेला. आज मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव एडगर केल वे आहे, आणि ज्यांच्या आईवडिलांनीसुद्धा त्याला खेळताना पाहिलेलं नाही अशी मंडळी दर शनिवारी त्याच्या नावाचं गाणं म्हणतात.

मैदानाचं नाव चॅम्पियन हिल. ते एकेकाळी किती मोठं होतं याची कल्पना एका आकड्यावरून येईल: १९३३ मध्ये अमॅच्युअर कपची फायनल इथे झाली तेव्हा २०,७४४ माणसं आली होती. सामना डलिचचा नव्हताच, किंग्स्टोनियन विरुद्ध स्टॉकटन होता. हौशी खेळाडूंचा सामना बघायला वीस हजार लोक! १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा एक सामनाही चॅम्पियन हिलवर झाला, दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ ने हरवलं तो. दोनच दिवस आधी, ३१ जुलैला, लंडनच्या पूर्वेला इलफर्डच्या क्रिकलफील्ड मैदानावर स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशी खेळला होता. बहुतेक खेळाडू अनवाणी, कर्णधार तालिमेरेन आओ, गोल सारंगपाणी रामनचा, दोन पेनल्टी हुकल्या आणि २-१ अशी हार. भारतीय फुटबॉलचं स्वतंत्र देश म्हणून ऑलिंपिकमधलं पहिलं पाऊल इंग्लंडमधल्या कुठल्या भव्य स्टेडियमवर पडलं नाही, अशाच एका उपनगरी मैदानावर पडलं. इलफर्डमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी किती जणांना हे माहीत आहे?

पुढचा काळ पटकन सांगतो, कारण तो फार आनंदाचा नाही. १९४९ नंतर इस्थमियन लीगचं अजिंक्यपद काही आलं नाही. घरोघरी टीव्ही आले, गर्दी आटली. १९७४ मध्ये हौशी-व्यावसायिक हा भेदच फुटबॉल असोसिएशनने काढून टाकला आणि अमॅच्युअर कप बंद झाला. वीस हजारांसाठी बांधलेलं मैदान काहीशे लोकांसाठी सांभाळणं परवडेना. मग जमिनीचा व्यवहार झाला, सेन्सबरीजचं मोठं दुकान उभं राहिलं आणि त्याच्या कुशीत १९९२ मध्ये तीन हजार क्षमतेचं नवं छोटं स्टेडियम. २००० साली इथे एक उंचच उंच पोरगा टॉटनहॅमकडून उसना आला होता. पीटर क्राउच त्याचं नाव, पुढे तो इंग्लंडकडून खेळला.

ज्यांना वाटतं की हे एकट्या डलिचचं दुखणं आहे, त्यांनी हॅरोला जावं. तुमच्यापैकी कितीतरी जण हॅरोतल्या ज्या टेस्कोमधून आठवड्याचं सामान आणता, तिथे १९९१ पर्यंत लोअर मीड नावाचं मैदान होतं. ते वील्डस्टोन क्लबचं घर. १९८४-८५ च्या मोसमात नॉन-लीगमधली सर्वोच्च लीग आणि नॉन-लीग क्लबांचा चषक एफए ट्रॉफी अशी दोन्ही विजेतेपदं एकत्र जिंकणारा हा पहिला क्लब. स्टुअर्ट पिअर्स कॉव्हेंट्रीला आणि पुढे इंग्लंडच्या संघात गेला तो इथून. मैदान गेल्यावर क्लब सतरा वर्षं दुसऱ्यांच्या दारी खेळत फिरला आणि २००८ मध्ये रायस्लिपला टेकला. स्लाउ टाउनवाले २००३ ते २०१६ अशी तेरा वर्षं स्वतःच्या गावाबाहेर होते. आणि १९३३ मध्ये चॅम्पियन हिलवर वीस हजारांसमोर फायनल खेळलेला किंग्स्टोनियन? त्याने १९८९ मध्ये किंग्समेडो हे मैदान उभारलं. ते २००३ मध्ये एएफसी विम्बल्डनकडे गेलं, २०१७ मध्ये चेल्सीने घेतलं, आणि ज्याच्यासाठी ते बांधलं तो क्लब बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडू लागला. यातली बोचरी बाब अशी की एएफसी विम्बल्डन हा स्वतः पाठीराख्यांनी काढलेला, पाठीराख्यांच्या मालकीचा क्लब. म्हणजे सज्जनांच्या हातूनही हे घडतं.

कसणारे एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. नॉन-लीगचा इतिहास चषकांपेक्षा याच एका ओळीत जास्त आहे. शनिवारी गवत कापणारा, पाट्या रंगवणारा, चहाची टपरी चालवणारा, गेटवर तिकीट फाडणारा असे सगळे बिनपगारी. जमीन मात्र दुसऱ्याची. आणि लंडनमध्ये जमिनीला जो भाव आहे त्यापुढे गोलांचा हिशेब कोण करणार?

डलिचवर ही पाळी २०१८ मध्ये आली. मैदानाची मालकी २०१४ पासून मेडो रेसिडेन्शियल या बांधकाम व्यवसायातल्या कंपनीकडे होती. तिला तिथे फ्लॅट बांधायचे होते आणि क्लबसाठी शेजारच्या ग्रीन डेलच्या जागेवर नवं मैदान. आपल्या भाषेत पुनर्विकास. साउथवार्क कौन्सिलशी बोलणी फिसकटली, कंपनीने क्लबला मिळणारा पैशाचा आधार काढून घेतला, आणि मार्च २०१८ मध्ये क्लबला मैदानाबाहेर काढण्यात आलं. थकबाकी म्हणून १ लाख २१ हजार पौंडांची मागणीही पुढे आली. इथपर्यंतचं वळण मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सभासदाला ओळखीचं वाटेल. पण पुढची चाल मीही कधी ऐकली नव्हती. ‘डलिच हॅम्लेट फुटबॉल क्लब’, ‘द हॅम्लेट’ आणि ‘डीएचएफसी’ ही नावं ग्रीनडेल प्रॉपर्टी कंपनी नावाच्या संबंधित कंपनीने ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतली होती. क्लबला वकिलाचं पत्र आलं: ही नावं यापुढे वापरू नका. १२५ वर्षांचा क्लब, शाळेवरून घेतलेलं नाव, आणि ते छापील कार्यक्रमपत्रिकेवरून, ट्विटर खात्यावरून काढा म्हणे.

मग मात्र लोक उठले. पाठीराख्यांनी मोर्चा काढला. स्थानिक खासदार हेलन हेज यांनी विषय संसदेत नेला, क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी लक्ष घातलं, महापौर सादिक खान बोलले, कौन्सिलने मैदान सक्तीने विकत घेण्याचा मार्ग चाचपायला सुरुवात केली. पेकहॅममध्ये वाढलेला रिओ फर्डिनंड आपल्या प्रतिष्ठानातर्फे मैदान विकत घ्यायला पुढे आला. ते जमलं नाही. ट्रेडमार्क मात्र क्लबला परत मिळाले. आसऱ्याला टूटिंग अँड मिचम युनायटेड या जुन्या प्रतिस्पर्ध्याने आपलं मैदान दिलं. आणि गंमत बघा, घरदार गेलेल्या या संघाने त्याच मोसमात बढती मिळवली. त्याआधीच्या लागोपाठ दोन वर्षी बढती ठरवणाऱ्या प्लेऑफच्या फायनलमध्ये हार झाली होती. ७ मे २०१८ ला हेंडनविरुद्ध १-१ बरोबरी आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३. १९०७ पासून इस्थमियन लीगमध्ये असलेला क्लब १११ वर्षांनी पहिल्यांदा एक पायरी वर चढला. व्यवस्थापक गॅव्हिन रोज, दक्षिण लंडनचाच माणूस, २००९ पासून किल्ला लढवत होता. संघातली बहुतेक पोरंही याच भागातली.

वाटाघाटी होऊन क्लब चॅम्पियन हिलला परतला तो २६ डिसेंबर २०१८ ला. स्टेडियम गच्च भरलेलं होतं. पुढच्या वर्षी एफए कपच्या पहिल्या फेरीत कार्लाइलकडून ४-१ ने हरले, तो सामना बीबीसीने दाखवला. २०२० मध्ये कौन्सिलने २१९ घरं आणि शेजारी नवं मैदान या आराखड्याला परवानगी दिली. २०२३ मध्ये संघ घसरून पुन्हा इस्थमियन लीगमध्ये आला. तिथे लोक रडत बसले नाहीत, पुढच्या शनिवारी परत आले.

आता तुमच्या शंका. मला त्या पाठ आहेत.

‘खेळाचा दर्जा काय असणार?’ प्रामाणिकपणे सांगतो, कधी कधी यथातथाच. चेंडू हवेत फार राहतो. पण तुम्ही कठड्याला रेलून उभे असता आणि विंगर तुमच्यापासून हातभर अंतरावरून पळतो. बचावपटू गोलकीपरला काय बोलतो ते ऐकू येतं. (ते सगळंच लहान मुलांनी ऐकण्यासारखं नसतं, याचीही कल्पना देऊन ठेवतो.) हाफटाइमला आपले लोक चालत दुसऱ्या गोलपोस्टच्या मागे जातात, कारण दुसऱ्या सत्रात आपला संघ तिकडे हल्ला करणार असतो. वरच्या पाच स्तरांवर मैदान दिसत असताना दारू प्यायला कायद्याने मनाई आहे, इथे नाही; बिअरचा ग्लास हातात घेऊन सामना बघता येतो. तिकीट प्रीमियर लीगच्या तिकिटाच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं स्वस्त.

‘आपल्याला तिथे कोण विचारणार?’ ही शंका ज्येष्ठांकडून येते आणि तिच्यामागे अनुभव आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथल्या मैदानांच्या दाराशी नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचे लोक पत्रकं विकत उभे असायचे. तेव्हा आपली माणसं फुटबॉलपासून लांब राहिली ते शहाणपणच होतं. पण तो काळ आणि ते मैदान वेगळं. चॅम्पियन हिलच्या कठड्यावर वंशवादाविरुद्धचे फलक लटकलेले असतात. २०१५ मध्ये या क्लबने स्टोनवॉल एफसी या समलिंगी खेळाडूंच्या संघाशी मैत्रीपूर्ण सामना खेळला. हॅम्बुर्गचा अल्टोना ९३ हा यांचा जिवलग क्लब, दोघांचा जन्म १८९३ चा, आणि दोन्हीकडचे पाठीराखे एकमेकांकडे येऊन-जाऊन असतात.

स्तुतीच चालली आहे असं वाटू नये म्हणून एक खटकणारी गोष्टही सांगतो. या भागातली घरं महागली तशी कठड्यामागची गर्दी बदलली. मैदानावरचा संघ बहुतांशी पेकहॅम-कॅम्बरवेलच्या कृष्णवर्णीय पोरांचा आणि पाहणारे बरेचसे सुस्थितीतले गोरे दाढीवाले, महागडी बिअर पिणारे. या गर्दीची इंग्रजी वर्तमानपत्रांनी टिंगल केली आहे आणि ती अगदीच अस्थानी नाही. पण मग यावरचा उपाय काय? आपण घरी बसणं? गर्दीत वेगवेगळी माणसं हवी असतील तर वेगवेगळ्या माणसांनी तिकीट काढायला हवं.

‘मुलांना आर्सेनलच हवं असतं.’ असू दे की. हे सामने एकमेकांच्या आड येत नाहीत. आर्सेनलच्या खेळाडूची सही मिळायला नशीब लागतं. इथे सामना संपल्यावर सेंटर फॉरवर्ड बारमध्ये तुमच्या शेजारी उभा असतो आणि तुमच्या पोराला शाळा कुठली म्हणून विचारतो.

आणि ‘आपल्या जाण्याने काय फरक पडतो?’ इथे जरा थांबून वाचा. २०२५ मध्ये संसदेने फुटबॉल प्रशासन कायदा केला आणि स्वतंत्र नियामक नेमला. यापुढे मालकाला मैदान विकायचं असेल तर आधी परवानगी लागेल; क्लबचं बोधचिन्ह, घरच्या पोशाखाचे रंग, नाव हेही मनाला येईल तसं बदलता येणार नाही. उत्तम कायदा. फक्त तो वरच्या पाच स्तरांना लागू आहे. ज्या क्लबचं नावच दुसऱ्याने नोंदवून घेतलं तो सातव्यावर खेळतो, आणि त्याच्याखाली शेकडो क्लब आहेत. त्यांच्या बाजूने नियामक नाही. त्यांचा बचाव होतो तो कौन्सिलच्या नियोजन समितीत, आणि समितीपुढे वजन पडतं ते किती रहिवाशांनी हरकती-सूचना लिहून दिल्या, गॅलरीत किती माणसं बसली याचं. २०१८ मध्ये डलिच वाचलं कारण तोवर दर शनिवारी येणाऱ्यांची संख्या शेकड्यांतून हजारांत गेली होती. काहीशे लोकांचा क्लब असता तर मंत्र्यांना त्याचं नाव उच्चारायचीही वेळ आली नसती.

आपण या देशात घरं घेतली, कौन्सिल टॅक्स भरतो, मतदान करतो, शाळांच्या पालकसभेत बसतो. मंडळासाठी हॉल मिळवताना कौन्सिलच्या कचेरीत खेटे घालणारी तुमच्यातलीच माणसं आहेत. नियोजन अर्ज कसा वाचायचा, हरकत कशी नोंदवायची हे त्यांना तोंडपाठ आहे. हीच माणसं या क्लबांना हवी आहेत. हिशेब तपासायला, अनुदानाचे अर्ज लिहायला, वेबसाइट सांभाळायला प्रत्येक छोट्या क्लबला स्वयंसेवक कमी पडतात, आणि चार्टर्ड अकाउंटंट व आयटीवाले यांची आपल्याकडे काही टंचाई नाही.

तेव्हा मंडळांनो, हॅरोकरांनी रायस्लिपला वील्डस्टोनकडे किंवा हॅरो बरोकडे जावं, स्लाउकरांनी आर्बर पार्कला. दक्षिणेतल्यांनी आमच्याकडे यावं. लंडन ब्रिजहून ईस्ट डलिच स्टेशन पंधरा-एक मिनिटांवर आहे; उतरल्यावर सेन्सबरीजच्या दिशेने चाललात की एडगर केल वे लागतो. अडीचपर्यंत पोहोचा, पंचवीस-तीस जणांचा गट असेल तर क्लबला आधी ईमेल करा. जाड मोजे घाला; फेब्रुवारीत सिमेंटच्या पायऱ्यांवर दोन तास उभं राहणं ही चेष्टा नाही. पाठीराख्यांच्या ट्रस्टचा सभासदत्वाचा अर्ज वेबसाइटवर मिळतो. नव्या मोसमाचं वेळापत्रक जुलैत जाहीर होतं, आणि गणपतीच्या तयारीची कार्यकारिणीची बैठकही साधारण तेव्हाच असते. विषयपत्रिकेवर ‘आयत्या वेळचे विषय’ याच्या आधी एक ओळ टाका: शनिवारचा सामना, तारीख आणि कोण तिकिटं काढणार.

आपला,
चॅम्पियन हिलच्या कठड्यावरचा एक मराठी शेजारी